कुरणातली शाळा

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे माळशेजचा घाट आणि मधल्या डोंगरउतारांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा लोकांचे पाडे विखुरलेले. पाडा म्हणजे थोड्याशा झोपड्यांची वस्ती. भाताची झोडणी उरकली की यांतील कितीएक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी बाहेर पडत आणि मुलेबाळेही त्यांच्याबरोबर जात. मागे राहिलेल्या घरांतील मोठी माणसे उजाडताच रानात किंवा मजुरीवर निघून जात. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई आणि तिच्या भावाच्या हाती गुरे हाकण्याची काठी. शाळेची घंटा वाजे तेव्हा ही दोघे आपापल्या कामात गढलेली असत.

अशी मुले शाळेत येत नाहीत, यात दोष कोणाचा? आईबापांचा, असेच उत्तर पुष्कळ दिवस दिले जात होते. ते उत्तर सोपे होते व देणाऱ्याला सोयीचेही होते. याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एका विदुषीने मात्र ते मान्य केले नाही. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच उठून मुलापर्यंत जावे, असे तिने ठरविले आणि आपल्या आयुष्याची शेवटची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे तिने या एका कामाला वाहिली. त्या विदुषीचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे आईवडील प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचे होते. मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या काळी घरोघर चालत असे. या घरात तो नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्री पाहावयास लोक वळून बघत, असा तो काळ होता. पुढे अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. लहान मुलीला घेऊन एकट्या स्त्रीने परप्रांतात नोकरी पत्करणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते, पगारही चांगला होता. तथापि तेथे त्यांचे मन फार दिवस रमले नाही.

भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली एक बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. परंतु आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि इटलीतील मारिया माँटेसरी या बाईंचे ग्रंथ वाचून ते बालशिक्षणाकडे वळले. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले हिंडत, बोलत, हाताने काही ना काही करीत. हे पाहून ताराबाईंनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला आणि १९२३ साली त्या भावनगरला येऊन राहिल्या. प्राचार्यपद सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवावयास जाणे, हे त्या वेळी कितीएकांना वेडेपणाचे वाटले असेल. ताराबाई मात्र तेथे नऊ वर्षे राहिल्या. त्या गुजराती शिकल्या आणि गिजुभाईंच्या बरोबरीने लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनीच चालविली.

माँटेसरी बाईंची पद्धत येथे थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. त्या स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेल्या होत्या. लहान मूल ज्ञान मिळविते ते प्रथम डोळे, कान, हात, नाक व जीभ यांच्या द्वारे, असे त्यांनी मुलांचे निरीक्षण करून ठरविले. म्हणून त्यांनी लहानमोठ्या लाकडी दट्ट्या, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत व गुळगुळीत कागद, हलकी-जड फळकुटे अशी साधने तयार केली. मूल ती हाताळते, लावून पाहते. चुकले तर दट्ट्या भोकात बसत नाही आणि चूक त्याची त्यालाच कळते. पाहणे, तुलना करणे, क्रम लावणे, चूक शोधणे ही शास्त्रज्ञाची कामे तीन वर्षांचे मूल अशा रीतीने करू लागते. शास्त्राचे शिक्षण सातवी-आठवीत प्रयोगशाळेच्या दारापाशी सुरू होते, असे समजणाऱ्यांना ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. परंतु ती खरी आहे.

या पद्धतीत एक अडचण होती. ही साधने महाग होती. ती ज्या शाळेत असत, त्या शाळेत श्रीमंतांचीच मुले जात. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार ही संस्था काढली. तिचा चांगला बोलबाला झाला व शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे कामही तेथे सुरू झाले. परंतु शहरातील सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतेच हे शिक्षण राहावे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. देशातील बहुतेक मुले तर खेड्यात होती. गांधीजींच्या विचारांनी त्या काळची अनेक माणसे खेड्यांकडे वळली, ताराबाईही वळल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

१९४५ सालच्या डिसेंबरात बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते नव्या पालघर जिल्ह्यात गेले आहे. येथे ताराबाईंना एक सहकारी मिळाल्या, त्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींनी मिळून जे केले, त्याची वाटणी करून दाखविणे कठीण आहे. विचार ताराबाईंचा आणि पायपीट अनुताईंची, असे कोणी म्हणतात. पण पायपिटीतूनही विचार निघतो, हे ज्यांनी शाळा चालविली आहे त्यांना ठाऊक असते.

केंद्राची बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुले तेथे येईनात. त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांची व आदिवासींची वस्ती गावाबाहेर होती. गावातल्या मुलांशेजारी आपले मूल बसवून घेतील, असा तेथल्या आईबापांना भरवसा नव्हता आणि आजवरचा अनुभव पाहता तो नसावा यात नवल नव्हते. शिवाय मुलांना अंगभर कपडे नव्हते व वेळेवर त्यांना आणून सोडावयास घरी कोणी नसे. बोलावून बोलावून थकल्यावर शिक्षिकाच वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडावे, मुलांना नाहूमाखू घालावे, केस विंचरावे आणि तेथेच गोष्टी, गाणी व खेळ सुरू करावे, असा क्रम ठेवण्यात आला. आई दारातून पाहत असे. मूल तिच्या नजरेपुढे असल्यामुळे तिला भीती वाटेनाशी झाली. अंगणात भरणारी म्हणून या शाळेला अंगणवाडी हे नाव पडले.

तरीही मोठ्या मुलींचा प्रश्न सुटला नाही. कडेवरचे मूल कोणाकडे द्यावयाचे? मुलीला शाळेत धाडा, असा नुसता उपदेश केला असता तर तो वाऱ्यावर गेला असता, कारण त्या मुलीवाचून आईला मजुरीस जाताच येत नव्हते. ताराबाईंनी या अडचणीची उकल फार साधी केली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही त्यांनी एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी असे नाव दिले. तान्हे मूल पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि त्या दोघांना घेऊन आलेली बहीण शेजारच्या वर्गात. मुलीच्या शिक्षणाची वाट पाळण्यावरून जाते, हे त्यांनी ओळखले होते.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारल्यांची वस्ती होती. या भागातील वारल्यांना पिढ्यान् पिढ्या जमीनदारांची वेठबिगार करावी लागे. १९४५ साली गोदावरीबाई परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तिच्याविरुद्ध मोठा लढा दिला होता. ताराबाईंचा मार्ग निराळा होता. परंतु ज्या मुलांना त्या शिकवू पाहत होत्या, ती याच माणसांची मुले होती आणि पुस्तकी माणसाविषयी त्यांच्या मनात संशय होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. सावकाराच्या वहीत अंगठा उमटविलेल्या घराला अक्षर मित्र वाटत नाही.

येथे गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरावयास सोडली की मुले झाडाखाली जमत आणि शिक्षकही तेथेच जाई. फळा, बाके, हजेरीची घंटा यांपैकी कशाचीही त्या शाळेला गरज नव्हती. माँटेसरीच्या महाग पेटीचे काम आता रान करू लागले. लांबीचा क्रम लावावयास बांबूचे तुकडे चालतात आणि मोजावयास चिंचोके व खडे. सागाचे पान खरखरीत असते, करंजाचे गुळगुळीत. डोळे मिटून हात फिरविला तरी ओळखता येते. शंखशिंपले, बिया, पिसे व पाने यांचे आकारावरून, रंगावरून गट पाडता येतात. या साधनांना पैसा पडत नाही आणि ती हरवली तर कोणी रागावत नाही.

या मुलांना शिकविताना शहरी शिक्षकाला एक धडा स्वतःच शिकावा लागे. ज्याला आपण अडाणी समजतो, तो गुराख्याचा पोर कोणती वनस्पती गुरे तोंडात धरीत नाहीत हे जाणतो. मोहाला फूल केव्हा येते, खेकड्याचे बीळ कोणते व सापाचे कोणते, हे त्याला सांगावे लागत नाही. सुगरणीचे घरटे त्याने किती तरी वेळा पाहिलेले असते. त्याचे दार खालच्या बाजूला का, एवढेच त्याला कोणी विचारलेले नसते. तो प्रश्न विचारला की मुलाची माहिती हलू लागते, कारण शोधू लागते आणि तिचे शास्त्र होऊ लागते. म्हणून मुलांना असलेली माहिती पुसून नवी भरण्याऐवजी तिच्यावरच नवे ज्ञान रचावे, असा कोसबाडचा कटाक्ष राहिला. मुलांची वारली बोली अशुद्ध म्हणून हिणविली जात नसे. त्यांची गाणी व त्यांचे नाच यांना शाळेत स्थान होते. आपली बोली बोलावयास मिळते म्हटल्यावर मूल प्रश्न विचारावयास धजते, आणि प्रश्न विचारल्यावाचून शास्त्र येत नाही.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पेरणीच्या दिवसांत मुले दिसेनाशी होत. उपाशी मुलाचे लक्ष खड्यांच्या हिशेबात लागत नसे. शाळेने भूक मिटली नाही, कर्जही फिटले नाही. दिवसा येऊ न शकणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवून पाहिले गेले. जे साधले नाही ते दुसऱ्या रीतीने करून पाहावयाचे, ही त्या टेकडीवरची रीत होती; एका अर्थी ताराबाईंची शाळा हाच एक लांबलेला प्रयोग होता.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे केंद्राचे काम अनुताईंनी १९९२ साली झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव देण्यात आले ते अंगणवाडी. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून आज या अंगणवाड्या आहेत. तेथे मुलांचे वजन करतात व त्यांना खाऊ घालतात. मुले गाणी म्हणतात, रंग ओळखतात, मणी मोजतात. धाकट्याला तेथे सोडून त्याची बहीण दप्तर सावरीत पुढच्या शाळेकडे जाते.