वाळूत गाडी शिकलेला मेजर

नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हींमध्ये बऱ्याचदा मधल्या कन्सोलवर एक गोल नॉब असतो. चिखल, बर्फ, खडक, वाळू. तो वाळूवर फिरवला की आपलं काम संपलं, असं वाटतं. रील्समध्ये तर गाडी वाळूचे फवारे उडवत टेकडी चढतेच. प्रत्यक्षात कोकणातल्या कुठल्याशा पुळणीवर कोरी करकरीत गाडी रुतल्याची, भरतीचं पाणी दारापर्यंत आल्याची आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलावल्याची बातमी अधूनमधून येत असते. अशा वेळी गाडीत ताकद कमी पडलेली नसते. बहुतेक वेळा ती जास्त असते आणि एकदम आलेली असते.

इलेक्ट्रिक मोटर जागेवरून निघतानाच जवळजवळ सगळा टॉर्क देते. हायवेवर त्याची मजा येते. वाळूत मात्र त्याच टॉर्कनं चाक जागच्या जागी फिरतं, आणि वाळूत जागच्या जागी फिरणारं चाक म्हणजे फावडं. दोन सेकंदांत गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खणते. वर बॅटरीमुळे गाडीचं वजन तशाच पेट्रोल गाडीपेक्षा काहीशे किलो जास्त.

वाळूत ताकदीनं भागत नाही, हे ज्यानं स्वतः रुतून रुतून शिकून घेतलं आणि मग त्याचं शास्त्रच लिहिलं, तो माणूस म्हणजे राल्फ बॅग्नोल्ड. त्याच्या पहिल्या गाडीत, फोर्ड मॉडेल टीमध्ये, वीस हॉर्सपॉवर होते. आजच्या दोनशे सीसीच्या बाईकएवढे!

बॅग्नोल्ड १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला जन्मला. वडील लष्करात इंजिनीअर, आणि बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून त्याच्याइतकीच गाजली. १९१५ मध्ये तो रॉयल इंजिनीअर्समध्ये दाखल झाला आणि पहिलं महायुद्ध त्यानं फ्रान्सच्या खंदकांत काढलं. युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकला आणि पुन्हा लष्करात आला. इथपर्यंतची कहाणी त्या पिढीतल्या शेकडो अधिकाऱ्यांची आहे. १९२६ च्या सुमारास त्याची बदली इजिप्तला झाली आणि गाडी रस्ता सोडून गेली. अक्षरशः.

कैरोतले बाकीचे अधिकारी सुट्टीत पोलो खेळायचे. हा आणि त्याचे दोन-चार मित्र मॉडेल टी घेऊन सिनाईत जायचे, सिवाच्या मरूद्यानाकडे जायचे. खर्च स्वतःच्या खिशातून. पश्चिमेला इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर ‘ग्रेट सँड सी’ पसरलेला होता, म्हणजे सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर नुसती वाळू. आपल्या महाराष्ट्राचा जवळपास पाव भाग झाला हा. टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच, एकामागून एक, समांतर रांगांमध्ये. १८७४ मध्ये गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन या रांगांना भिडला होता. त्यालाही पश्चिमेचा नाद सोडून उत्तरेला वळावं लागलं. उंट जिथे हरले तिथे मोटार जाणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

बॅग्नोल्डनं ते धरून चालायला नकार दिला. दरम्यान त्याची बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर झाली होती. गड्यानं सुट्ट्या साठवल्या आणि १९२९ मध्ये तो पुन्हा इजिप्तला गेला. १९३० मध्ये परत एकदा.

आता शिकणं कसं झालं ते बघा. आधी त्यांनी गाड्या सोलून काढल्या. दारं, काच, बॉनेट, जे जे नको ते सगळं काढून टाकलं. वजन कमी झालं की चाक कमी रुततं. मग टायर. रुंद टायर लावायचे आणि त्यातली हवा कमी करायची. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, तेवढंच वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि दाब उतरतो. उंटाच्या पायाचा तळवा नेमका हेच करतो. आजही वाळूत जायचं तर पहिला नियम हाच आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवत असाल, तर वाळूत साधारण १५ ते १८ पर्यंत उतरवायची आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आत पुन्हा भरायची. नॉब कितीही फिरवला तरी टायरमधली हवा तो उतरवत नाही.

रुतलेली गाडी काढायला त्याला साधन मिळालं ते कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे. महायुद्धात खंदकांवर छप्पर म्हणून घालायला बनवलेल्या लांब पन्हाळी पोलादी पट्ट्या तिथे पडल्या होत्या. चाकापुढची वाळू हातानं उकरायची, पट्टी चाकाखाली सरकवायची, गाडी हळूच तिच्यावर चढवायची आणि चांगली जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. आज ऑफरोडवाल्यांच्या टपावर ज्या रंगीत प्लास्टिकच्या ट्रॅक्शन बोर्ड्‌स दिसतात, त्यांची आजी म्हणजे ही भंगारातली पट्टी.

इंजिन तापून पाणी उकळायचं आणि वाफ उडून जायची. वाळवंटात पाणी उडून जाणं म्हणजे जीव उडून जाणं. म्हणून रेडिएटरचं तोंड बंद करून वाफ नळीवाटे बाजूच्या डब्यातल्या पाण्यात सोडायची, ही जुनी युक्ती त्यानं पक्की केली. डब्यातलं पाणीही उकळायला लागलं की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन निवलं की आत पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी गुडगुडत परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. थेंब वाया नाही. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र फसवायचं, म्हणून त्यानं सूर्यहोकायंत्र बनवलं. मधोमध उभी सुई, भोवती अंशांची तबकडी आणि सुईची सावली. गाडी चालवता चालवता दिशा वाचता यायची. रात्री तारे बघून मुक्कामाची जागा नकाशावर नक्की करायची.

रेंजची चिंता आज इलेक्ट्रिकवाल्यांना असते, त्यालाही होती. वाळूत इंधन रस्त्याच्या कितीतरी पट जास्त जातं. (बॅटरीचंही तसंच होतं. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा वाळूत गेल्यावर खरा मानू नका.) पेट्रोलचे पत्र्याचे डबे इतके पातळ की वाटेत गळायचे. म्हणून साठे आधीच नेऊन ठेवायचे, मोजायचे, परत मोजायचे. चुकलं तर घ्यायला येणारं कुणी नव्हतं.

हे सगळं झालं तरी टेकडी समोर उभीच होती. इतकी वर्षं सगळे वाळू दिसली की घाबरून हळू व्हायचे आणि तिथेच रुतायचे. बॅग्नोल्डनं उलटं केलं. वाऱ्याकडच्या बाजूनं, सरळ, पूर्ण वेगात त्यानं गाडी टेकडीवर घातली. उन्हात वाळूला सावली नसते, त्यामुळे चढ कुठे सुरू झाला हेही कळत नव्हतं. गाडी वर उचलली गेली आणि तरंगल्यासारखी माथ्यावर पोचली. बाहेर पडून त्यानं पाय आपटून बघितला, तर वाळू घट्ट होती. माथ्याच्या पलीकडे मात्र ३३-३४ अंशांचा उतार आणि पायाखाली सरकणारी मऊ वाळू. वेगात पलीकडे गेलं की कोलांटी. म्हणजे चढताना वेग हवा आणि माथ्याच्या अलीकडे तो अलगद सोडता यायला हवा. ब्रेक मारायचा नाही, कारण ब्रेकनं चाकापुढे वाळूचा ढीग जमतो. इलेक्ट्रिक गाडीत इथे एक गंमत आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की रीजनरेशनमुळे गाडी आपोआप ब्रेक मारल्यासारखी मंदावते. म्हणून वाळूत शिरण्याआधी रीजनरेशन सगळ्यात कमी करून ठेवायचं.

१९३० मध्ये मॉडेल ए गाड्यांनी ग्रेट सँड सी ओलांडला आणि मंडळी पार दक्षिणेला उवैनातच्या डोंगरापर्यंत पोचली. दुसरा कुणी इथे थांबला असता, व्याख्यानं देत फिरला असता. बॅग्नोल्डच्या डोक्यात प्रश्न राहिला तो त्या पायाखालच्या वाळूचा. एकाच टेकडीची एक बाजू घट्ट आणि दुसरी पोकळ का?

१९३५ मध्ये त्यानं लष्कर सोडलं आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये स्वतःच्या हातानं प्लायवूड आणि काचेचा वाऱ्याचा बोगदा बांधला. त्यात वाळू ठेवून वारा सोडायचा आणि एकेक कण कसा पळतो ते बघायचं. कण हवेत तरंगत नाहीत, ते उड्या मारतात, हे तिथे स्वच्छ दिसलं. एक कण आपटतो, दुसऱ्याला उडवतो. वाऱ्याकडच्या बाजूला हे आपटणं सतत चालू असल्यानं कण ठोकून बसवल्यासारखे घट्ट बसतात. पलीकडे ते नुसते घरंगळून पडतात, म्हणून सैल राहतात. वाऱ्याचा जोर दुप्पट झाला तर वाहून जाणारी वाळू जवळपास आठपट होते, हेही त्यानं मांडलं. बोगद्यातलं गणित खरं आहे का हे तपासायला १९३८ मध्ये तो पुन्हा वाळवंटात गेला आणि वादळात उभं राहून मोजमापं घेतली. १९४१ मध्ये आलेलं त्याचं ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हे पुस्तक आजही त्या विषयातलं पायाचं पुस्तक आहे. त्याच्याकडे पीएचडी नव्हती. तरी १९४४ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला फेलो करून घेतलं.

पण पुस्तक छापून येईपर्यंत दुसरं महायुद्ध पेटलं होतं. १९३९ मध्ये त्याला परत बोलावलं गेलं. केनियाला निघालेलं जहाज भूमध्य समुद्रात दुसऱ्या जहाजाला धडकलं आणि दुरुस्तीसाठी इजिप्तला लागलं. नशीबच म्हणायचं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि बॅग्नोल्डनं जनरल वेव्हेलला पटवलं की शत्रू ज्या वाळूला भिंत समजतो तिथूनच त्याच्या मागे जाता येईल. सहा आठवड्यांत तुकडी उभी राहिली. न्यूझीलंडचे स्वयंसेवक, बरेचसे शेतकरी, आणि शेवरोलेचे ट्रक. हीच पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणून गाजली. तिच्याबरोबर नंतर भारतीय जवानांचं एक स्क्वाड्रनही लढलं. हौशी सहलींत जमवलेली एकेक युक्ती, पट्ट्या, डबे, सूर्यहोकायंत्र, आता माणसं मारायच्या कामी आली. त्याच वाळवंटात फिरलेला हंगेरियन लास्लो आल्माशी १९४२ मध्ये त्याच वाळूतून जर्मन हेर घेऊन गेला. जुने वाळूवेडे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. इथे कथेला थोडी कडू चव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

युद्धानंतर त्यानं नद्यांच्या गाळावर काम केलं. १९७७ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, नासाशी संबंधित एका परिषदेत त्याला बोलावलं गेलं. विषय होता पृथ्वीवरची वाळवंटं आणि मंगळ. १९९० मध्ये तो गेला.

मंगळावरही वाळूच आहे आणि तिथल्या गाड्या विजेवरच चालतात. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर २००५ मध्ये एका छोट्या वाळूच्या उंचवट्यात पाच आठवडे अडकला. स्पिरिट २००९ मध्ये रुतला तो कायमचा. तिथे ट्रॅक्टर नव्हता. २०१५ च्या अखेरीला क्युरिऑसिटी हा सुमारे ९०० किलोचा, सहा चाकांना सहा वेगळ्या मोटर असलेला रोव्हर काळ्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचला. त्या टेकड्यांचं नाव आहे बॅग्नोल्ड ड्यून्स. तिथे पोचण्याआधीच, २०१४ मध्ये, एका वाळूच्या खोऱ्यात चाकं फार घसरतायत असं दिसल्यावर चालकांनी त्याला मागे वळवून दुसरी वाट धरली होती. आजही चाकं ठरलेल्या मर्यादेबाहेर घसरली की तो जागीच थांबतो आणि पृथ्वीवरून निरोप यायची वाट बघतो.