मारिया मॉन्टेसरी : तुकडे वेचणाऱ्या मुलांची डॉक्टर



मॉन्टेसरी हे नाव आपण शाळांच्या पाट्यांवर वाचतो. पण त्या बाईंचे काम सुरू झाले ते वेड्यांच्या इस्पितळात, मंदबुद्धी म्हणून कोंडलेल्या मुलांपासून.

इटलीत ३१ ऑगस्ट १८७० रोजी जन्मलेल्या मारिया १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. चरित्रकार सांगतात, रोमच्या इस्पितळातील ही मुले जेवणानंतर जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचत. सांभाळणारीला तो अधाशीपणा वाटे. मारियाबाईंनी खोली न्याहाळली. हाताळायला तेथे दुसरी वस्तूच नव्हती! भूक होती ती हातांना आणि मनाला.

१९०० साली अशा मुलांच्या शाळेत त्यांनी इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या मार्गाने शिकवले. काही मुले चक्क सरकारी शाळेच्या परीक्षेत पास झाली. लोक थक्क झाले. बाईंना मात्र प्रश्न पडला, मग धडधाकट मुले मागे का? ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाला, त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवत होती, चाळीसहून अधिक वेळा. भोवती गाणी म्हटली, खुर्चीसकट उचलले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. असे कामात रमलेले मूल मग इतरांशीही सौम्य वागते, हे बाईंनी टिपले.

मिस्साबलिदानाच्या वेळी एखादे मूल सारखे उठते आणि आपण वळून त्याच्या आईकडे पाहतो. त्या मुलाचे लक्ष कोठे आहे, ते कोणी पाहत नाही. अर्थात ठोकळे म्हणजे औषध नव्हे. स्वमग्नतेचे नेमके वर्णन १९४३ साली झाले. बोट दाखवले तिकडे पाहणे, चेहऱ्यावरून दुसऱ्याचे मन ओळखणे अशा मुलांना बहुधा अवघड जाते. त्यासाठी तज्ज्ञाला वेळेत दाखवावे.

बाईंचे स्वतःचे मूल? लग्नाविना १८९८ मध्ये जन्मलेला मारिओ खेड्यात दुसऱ्या कुटुंबात वाढला. किशोरवयात तो आईकडे आला, तरी जगापुढे ती त्याला मुलगा म्हणू शकली नाही. १९३९ मध्ये दोघे मद्रासला आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रजांनी मारिओला आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने त्याला सोडले, तेही तिचा मुलगा म्हणून. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये तिने प्राण सोडला तेव्हा तो जवळ होता.