अवंतीलाल आणि यौगंधरायण : पत्रकार गजानन माधव मुक्तिबोध

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा संसार उज्जैनमधील अनेक कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या केला. फ्रीगंजच्या टावर चौकातून ग्रंथालयाकडे वळणाऱ्या सभासदांना तो निराळा सांगावयास नको. या संसारातच गजानन माधव मुक्तिबोधांची घडण झाली. घराणे मूळचे जळगावकडील. वडील माधवराव हे ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षण तुटक झाले. मिडलच्या परीक्षेत ते उज्जैनला एकदा अनुत्तीर्णही झाले. पुढे माधव कॉलेजातून इंटर आणि १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. पुढील वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले, गजाननरावांनी हिंदीची वाट धरली. एकाच घरातून दोन भाषांना दोन थोर लेखक मिळावेत, हा योग दुर्मीळच.

कवी म्हणून त्यांची थोरवी सर्वमान्य आहे. १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये अज्ञेयांनी त्यांना स्थान दिले, हेही वाचकांना ठाऊक आहे. त्या मानाने पत्रकार मुक्तिबोध फारसे परिचित नाहीत. बडनगर, शुजालपूर, उज्जैन येथील शाळामास्तरकी केल्यावर १९४५ च्या सुमारास ते बनारसला ‘हंस’ मासिकात गेले. तेथून जबलपूर आणि १९४८ मध्ये नागपूर. नागपूरला प्रथम सरकारी माहिती खाते, मग आकाशवाणी. संसार वाढता, पगार तोकडा, कर्ज पाठीशी. नियतकालिकांतील लेखन ही त्यांची आवड होती, तशीच ती घराची निकडही होती.

मात्र सरकारी नोकराने राजकारणावर स्वतःच्या नावाने लिहिणे कठीण. म्हणून द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या ‘सारथी’ साप्ताहिकात ‘यौगंधरायण’ प्रकटला; ‘अवंतीलाल गुप्ता’ हे त्यांचे दुसरे टोपणनाव. ही नावे सहज सुचलेली वाटत नाहीत. अवंती म्हणजे आपले उज्जैनच. आणि यौगंधरायण हा भासाच्या नाटकातील उदयनाचा मंत्री. प्रद्योताच्या कैदेतून राजाला सोडविण्यासाठी तो वेड्याचे सोंग घेऊन याच उज्जयिनीत वावरला. नागपूरच्या कचेरीत दिवसभर सरकारी मजकूर तयार करणाऱ्या आणि रात्री सरकारच्या धोरणांची चिकित्सा करणाऱ्या माणसाने हा वेष निवडावा, यात त्यांचा मिस्कीलपणा दिसतो. जगाचे राजकारण, वसाहतींतून मोकळे होणारे देश, देशातील भांडवलाची चाल हे त्यांचे विषय. साप्ताहिकाच्या घाईतही अभ्यास ढळला नाही. पण लेख गाजला तरी श्रेय टोपणनावाला, आणि मानधनाने महिना भागत नसे.

१९५६ मध्ये आकाशवाणी सोडून ते स्वामी कृष्णानंद सोख्ता यांच्या ‘नया खून’ साप्ताहिकात दाखल झाले. तेथे लेखणी अधिक मोकळी झाली, आर्थिक ओढाताण मात्र तशीच राहिली. गिरणी कामगारांचे हे शहर त्यांनी पत्रकाराच्या नजरेने पाहिले. एम्प्रेस मिलच्या कामगारांवरील गोळीबाराचे पडसाद त्यांच्या ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत समीक्षकांना जाणवतात. हरिशंकर परसाईंच्या ‘वसुधा’त आलेली त्यांची साहित्यिक डायरी तर मासिकी लेखन किती खोल जाऊ शकते याचा नमुनाच होय.

१९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली आणि जिवाला थोडी स्वस्थता आली. ती फार टिकली नाही. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले, मध्य प्रदेश शासनाने १९६२ मध्ये त्यावर बंदी घातली. टोपणनावांनी वर्षानुवर्षे निभावले आणि खऱ्या नावाचे पुस्तक जप्तीत गेले, हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. संसाराला हातभार लावील म्हणून ज्या पुस्तकावर भिस्त होती, तेच हातचे गेले.

१९६४ च्या आरंभी पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. भोपाळ आणि मग दिल्ली येथे उपचार झाले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. तो त्यांनी पाहिला नाही. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत ‘मुक्तिबोध रचनावली’ संपादित केली. यौगंधरायण आणि अवंतीलाल यांचे लेखही पुढे ग्रंथरूपात आले, ते गजानन माधव मुक्तिबोध या नावाने.