टेकडीवरचे चॅपेल, तिकिटावरचे चित्र

मांगीतुंगीच्या पायऱ्या चढणाऱ्या बागलाणच्या भाविकाला डोंगरावरच्या देवस्थानाचे महात्म्य निराळे सांगावे लागत नाही. चढणीच्या प्रत्येक वळणावर शिखर वेगळे दिसते आणि पायी चालणे हाच निम्मा दर्शनसोहळा असतो. पूर्व फ्रान्समधील रोंशाँ गावाच्या टेकडीवरील नोत्र दाम द्यु ओ हे चॅपेल याच जातकुळीचे. मात्र जगातील बहुसंख्य लोकांनी ते पाहिले पोस्टकार्डावर किंवा टपाल तिकिटावर, म्हणजे एकाच बाजूने. त्याचे निर्माते ले कॉर्बुझिए भारताला परिचित आहेत ते चंदीगडचे शिल्पकार म्हणून.

त्यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जान्नरे. 6 ऑक्टोबर 1887 रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळांवर मिनाकाम करीत, आई पियानो शिकवी. 1911 मध्ये त्यांनी बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान आणि ग्रीस असा प्रदीर्घ प्रवास केला. वाटेत वह्या रेखाटनांनी भरल्या. पोस्टकार्डे जमविण्याचा छंदही त्यांना होता. तो जन्मभर टिकला आणि संग्रह हजारांच्या घरात गेला. ज्यांची वास्तू पुढे असंख्य कार्डांवर छापली गेली, ते स्वतः असे कार्डांचे संग्राहक होते.

1917 मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले आणि 1920 पासून ले कॉर्बुझिए हे नाव वापरू लागले. काटकोन, खांबांवर तोललेली घरे, सपाट छत, यंत्रयुगाला साजेशी शिस्त यांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीकडे काम मिळविण्यासाठी त्यांनी दीर्घकाळ खेटे घातले. त्यांच्या गौरवग्रंथांत या प्रकरणावरून अनेकदा घाईने पुढे जाण्यात येते, ते योग्य नव्हे.

रोंशाँचे जुने चॅपेल 1944 च्या लढाईत उद्ध्वस्त झाले. तेथे नवे बांधावे यासाठी कॉर्बुझिए यांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. घराणे प्रॉटेस्टंट, स्वतः श्रद्धाहीन आणि चर्चसंस्थेविषयी मनात अढी. आधुनिक कलावंतांना चर्चची दारे उघडी करावीत, असा आग्रह धरणारे डोमिनिकन धर्मगुरू मारी-आलँ कुत्युरिए यांचा त्यांचे मन वळविण्यात मोठा वाटा होता. श्रद्धा असलेल्या सामान्य कलावंतापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत बरा, अशी कुत्युरिए यांची भूमिका होती. चर्चमधील अनेकांना ती मानवली नाही.

1950 मध्ये काम हाती घेतल्यावर कॉर्बुझिए यांनी काटकोन बाजूला ठेवला. अमेरिकेतील लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्यांना खेकड्याचे एक कवच सापडले होते. त्यावरून छताचा आकार सुचला. काँक्रीटचे दोन पातळ पापुद्रे आणि मधे पोकळी. हे अवजड दिसणारे छत भिंतींवर सर्वत्र टेकत नाही. मधे बोटभर रुंदीची नव्हे, तर सुमारे दहा सेंटिमीटरची फट आहे, आणि तीतून येणाऱ्या प्रकाशरेषेमुळे छत तरंगल्यासारखे भासते. भिंतींत पाडलेल्या चॅपेलचेच दगड भरले. दक्षिणेची भिंत विलक्षण जाड असून तीत लहानमोठ्या खिडक्या विखुरल्या आहेत. त्यांपैकी काही काचा कॉर्बुझिए यांनी स्वहस्ते रंगविल्या. छतावरचे पावसाचे पाणी पश्चिमेच्या पन्हळीतून खालच्या हौदात पडते. आत जेमतेम दोनशे माणसे मावतात. यात्रेच्या दिवशी हजारोंचा समुदाय बाहेर उभा राहतो, म्हणून पूर्वेस उघड्यावर दुसरी वेदी आहे. जुनी मेरीची मूर्ती भिंतीतील काचेच्या कोनाड्यात बसविली आहे. ती आतल्यांना दिसते आणि बाहेरच्यांनाही.

25 जून 1955 रोजी चॅपेलचे लोकार्पण झाले. काहींनी त्याची संभावना लष्करी खंदक म्हणून केली, तर कॉर्बुझिए यांनी स्वतःच्याच सिद्धांतांशी द्रोह केला, असे आधुनिकतावाद्यांना वाटले. 1960 च्या दशकात फ्रेंच टपाल खात्याने मात्र ते तिकिटावर घेतले. बहुतेक कार्डांवर आग्नेय कोपराच दिसतो, जहाजाच्या नाळेसारखा वर झेपावणारा. उत्तरेची बाजू कार्डवाल्यांना फारशी रुचली नसावी. प्रदक्षिणेसाठी घडविलेली वास्तू अशा रीतीने एका कोपऱ्याने प्रसिद्ध झाली.

याच वर्षांत चंदीगडचे काम चालले होते आणि तेथील उच्च न्यायालयाची इमारतही 1955 मध्येच खुली झाली. पुण्यात जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी 1951 ते 1954 या काळात कॉर्बुझिए यांच्या पॅरिस कार्यालयात होते. 2018 मध्ये दोशी यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

27 ऑगस्ट 1965 रोजी भूमध्य समुद्रात पोहत असताना कॉर्बुझिए यांचे निधन झाले. लूव्रच्या प्रांगणात त्यांना निरोप देण्यात आला. फिर्मिनी येथील त्यांचे चर्च तेव्हा कागदावरच होते, ते 2006 मध्ये पुरे झाले. 1997 मध्ये त्यांचा चष्मेधारी चेहरा दहा स्विस फ्रँकच्या नोटेवर आला, ती 2021 पर्यंत चलनात राहिली. 2014 च्या जानेवारीत चोरट्यांनी रोंशाँच्या चॅपेलमध्ये शिरून कॉर्बुझिए यांची स्वाक्षरी असलेली काच फोडली. दोन वर्षांनी युनेस्कोने चॅपेल आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर एकाच यादीत जागतिक वारसा म्हणून नोंदविले.

रोंशाँला जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी दादरचे पोर्तुगीज चर्च आवर्जून पाहावे. त्याची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात उभारली. येथेही काँक्रीटची कवचे आहेत आणि येथेही प्रकाश वरून उतरतो. मात्र मुंबईची हवा ध्यानात घेऊन कोरिया यांनी मधे मोकळी अंगणे सोडली आहेत.