दादासाहेब गायकवाड आणि समितीचा हिशेब

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून युतीची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव हमखास निघते. त्यांनी चळवळ काँग्रेसच्या दावणीला नेऊन बांधली, हा आरोप आता इतका रुळला आहे की त्याची उलटतपासणी करण्याचे कष्टही कोणी घेत नाही. आम्ही वकिली करतो. साक्षीपुरावा न पाहता निकाल देणे आम्हाला पटत नाही.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. शिक्षण बेताचे, भाषा खेड्यातली, पण जिद्द अशी की २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांनी पुढे कित्येक वर्षे तग धरून चालवला. दगड खाल्ले, तुरुंग पाहिला. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत गेले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की बाबासाहेब मनातले जे फार थोड्यांपाशी बोलत, ते या माणसापाशी बोलत.

आता युतीचे प्रकरण. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवाद्यांशी समझोता केला होता. तरीही मुंबईत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले आणि साऱ्या देशातून फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले. ज्याने देशाला संविधान दिले त्याला लोकसभेचे दार बंद! एकट्याच्या मतांवर आपला माणूस निवडून येत नाही, आणि मित्रांची मते मिळतीलच याची खात्री नाही, हा धडा दादासाहेबांनी तेव्हाच गाठीशी बांधला.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशींचे प्रजासमाजवादी, डांग्यांचे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि आपले फेडरेशन हे तिचे प्रमुख घटक. आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे यांनी रान पेटवले. १०५ माणसे हुतात्मा झाली होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी माणसाच्या माथी द्विभाषिक मारले गेले होते. एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारे पक्ष या एका संतापाने एका व्यासपीठावर आले. आणि नेमक्या त्याच वेळी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरका झालेला समाज घेऊन दादासाहेबांना निवडणुकीला सामोरे जावे लागले.

१९५७ चा निकाल काय लागला? नाशिकमधून दादासाहेब, कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. देशभरात फेडरेशनचे सहा खासदार झाले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. मुंबई महापालिका समितीच्या हाती आली आणि १९५९ मध्ये पी. टी. बोराळे हे आंबेडकरी कार्यकर्ते मुंबईचे महापौर झाले. ज्या शहरात आमचे वडीलधारे बी.डी.डी. चाळीत आणि गोदीत घाम गाळीत होते, त्या शहराच्या महापौराच्या खुर्चीवर आपला माणूस! युतीने काय दिले, असे विचारणाऱ्यांनी हे पान आधी उलटून पाहावे.

पण समितीचा पाया एकाच मागणीवर उभा होता. राज्य मिळावे इथपर्यंत सर्वांचे एकमत. त्या राज्यात जमीन कोणाची, हा प्रश्न निघाला की सर्वांची नजर दुसरीकडे वळे. शेतकरी कामगार पक्षाचा मतदार हा जमीनवाला शेतकरी, तर आपला माणूस त्याच्याच बांधावर राबणारा भूमिहीन. मुंबईच्या सभेत दोघे खांद्याला खांदा लावून बसत, गावच्या चावडीवर मात्र एक ओट्यावर आणि दुसरा पायरीखाली. दादासाहेबांनी ही खोट ओळखली होती. म्हणूनच ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यावर १९५९ साली त्यांनी मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, एवढीच मागणी. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले.

याच साली घरातली भांडणे चव्हाट्यावर आली. कांबळे गटाचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग घालून दिला असता हे सत्याग्रह कशाला, आणि कम्युनिस्टांशी घसट कशाला? एक गट दुरुस्त झाला, दादासाहेबांचा गट नादुरुस्त ठरला. शिकलेल्यांनी कमी शिकलेल्या नेत्याला कायदा शिकवण्याचा तो प्रकार होता. आमच्या व्यवसायातील मंडळी त्यात आघाडीवर होती, हे नमूद केलेच पाहिजे. कायद्याच्या पुस्तकाने पडीक जमिनीचा सातबारा आपोआप बदलत नाही, हे खेड्यातल्या माणसाला जास्त कळत होते.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीचे प्रयोजनच संपले. गरज सरो, वैद्य मरो. प्रजासमाजवादी बाहेर पडले, बाकीच्यांचे सूर जुळेनात. इकडे यशवंतराव चव्हाणांनी चतुराईने पावले टाकली. कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला, महारवतनाची बेडी तुटली. नव्या राज्यात नवबौद्धांना राज्य सरकारच्या सवलती मिळाल्या. विरोधकांनी व्यासपीठ दिले होते, सत्ताधाऱ्याने शासन निर्णय दिला. भाकरीसाठी झगडणाऱ्या समाजाला यातला फरक कळणारच.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. रिपब्लिकन पक्षाला महाराष्ट्रात विधानसभेच्या ३ जागा आणि लोकसभेची एकही नाही. पक्षाचे जे तीन खासदार झाले ते सारे उत्तर प्रदेशातून. आपली मते मित्रपक्षांच्या पेटीत पडतात, त्यांची मते आपल्या पेटीत पडत नाहीत, ही कार्यकर्त्यांची तक्रार तेव्हापासूनची.

दादासाहेब राज्यसभेत गेले, पण बसून राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांनी देशव्यापी सत्याग्रह पुकारला. भूमिहीनांना जमीन, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र अशा मागण्या होत्या. तीन लाखांहून अधिक माणसांनी अटक करवून घेतली. लेकुरवाळ्या बाया पोरांसकट तुरुंगात गेल्या. पंतप्रधान शास्त्रींना चर्चेला बसावे लागले. तैलचित्र मात्र लागले ते १९९० साली.

एवढी ताकद दाखवूनही मतपेटीत काही वळत नव्हते. तेव्हा १९६७ साली जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत दादासाहेबांनी यशवंतरावांच्या काँग्रेसशी हात मिळवला. या निर्णयाचे समर्थन आम्ही करणार नाही. जमिनीसाठी ज्यांच्याविरुद्ध लाखो लोक तुरुंगात गेले, त्यांच्याशीच दोन-चार सभापतिपदांवर सौदा व्हावा, हे दुर्दैव होते. मात्र ज्यांनी समितीत आपली मते घेतली आणि जमिनीचा प्रश्न आला की पाठ फिरवली, त्या डाव्या मित्रांनाही या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभे करावे लागेल. एकट्या दादासाहेबांवर आरोपपत्र ठेवून चालणार नाही. आर. डी. भंडारे तर त्याआधीच काँग्रेसच्या तंबूत गेले होते.

१९७१ च्या लोकसभेत पक्षाचा साऱ्या देशातून एकच खासदार होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला दिल्लीत दादासाहेबांचे निधन झाले. पाच महिन्यांनी, २९ मे १९७२ रोजी मुंबईत काही तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. गावोगावच्या अत्याचारांनी आणि रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या काँग्रेसभक्तीने ती पोरे संतापलेली होती. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप १९६४ च्या सत्याग्रहात दादासाहेबांच्या हाकेवर तुरुंगात गेलेले असणार.