सॉफ्टवेअरच्या एका ऑप्शनमध्ये सापडलेले डी. डी. कोसंबी

आज ना मोबाइलचा रिव्ह्यू, ना ॲपची यादी. आज एका माणसाबद्दल सांगायचंय. त्यांचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या ऑप्शनमध्ये.

मी कोडोलीची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भाताच्या डीएनए मार्करवर माझा प्रोजेक्ट होता. लॅबमधल्या पेड सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलेलं आणि सबमिशनला नऊ दिवस. शेवटी घरच्या जुन्या लॅपटॉपवर 'आर' टाकलं आणि त्यात 'आर-क्यूटीएल' नावाचं पॅकेज. दोन्ही ओपन सोर्स, एक रुपया लागत नाही. रात्री नकाशा तयार झाला, पण आधी छापलेल्या नकाशापेक्षा कितीतरी लांब! म्हटलं, डेटाच खराब दिसतोय. म्हणजे अख्खा खरीप हंगाम वाया. सरांना तसा मेसेजसुद्धा टाइप केला होता. पाठवायच्या आधी सहज हेल्पचं पान उघडलं. अंतर मोजायच्या पद्धतीत आपोआप 'हॉल्डेन' निवडलेलं होतं आणि दुसरा पर्याय होता 'कोसंबी'. छापील नकाशाखाली बारीक अक्षरात तेच नाव! तेवढा एक शब्द बदलला आणि लांबी जुळली. मेसेज डिलीट.

खरं सांगते, मला ते नाव जपानी वाटलं होतं. बाबांनी सांगितलं की कोसंबी म्हणजे इतिहासाची पुस्तकं लिहिणारे. दोघे वेगळे असतील असं वाटलं. पण माणूस एकच.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ते हार्वर्डला कामासाठी गेले, तेव्हा १९१८ मध्ये मुलालाही सोबत घेऊन गेले. दामोदर तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. आधी बनारस, मग अलिगढ. अलिगढला त्यांना आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाने बोलावलं होतं. तिथून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात.

फर्ग्युसनच्या काळात त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. जुन्या आहत नाण्यांचा काळ कसा ठरवायचा? कोसंबींनी साधा विचार केला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन कमी होतं आणि एका नाण्यापासून दुसऱ्या नाण्याच्या वजनातला फरक वाढत जातो. मग तराजू घेऊन बसले आणि हजारो नाणी एकेक करून तोलली. आपली पद्धत बरोबर आहे का, हे तपासायला त्या वेळच्या चलनातली नाणीही तोलली. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही. हातात तराजू, कागद आणि संख्याशास्त्र.

१९४४ साली लंडनच्या एका नियतकालिकात त्यांचा जेमतेम चार पानांचा शोधनिबंध आला. आपला 'कोसंबी' ऑप्शन तिथून आला. थोडक्यात सांगते. गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात, आणि दोन मार्कर किती वेळा वेगळे झाले यावरून त्यांच्यातलं अंतर काढतात. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होणं अवघड असतं. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. मार्कर ३० टक्के वेळा वेगळे झाले, तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर ४५.८ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने ३४.७. माझा नकाशा उगाच लांबला होता तो यामुळेच. (गंमत म्हणजे हे हॉल्डेनसाहेब १९५७ मध्ये भारतातच राहायला आले.)

दुसऱ्या एका कामात मात्र नाव मागे पडलं. १९४३ मध्ये कोसंबींनी मांडलेली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर गेली. फोटोवरून चेहरा ओळखण्याच्या सुरुवातीच्या तंत्रांत हेच गणित होतं. आता काही जण कोसंबींचं नाव त्यात पहिलं जोडतात. उशिरा का होईना.

पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. राहणं पुण्यात, नोकरी मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं बघून आले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं ते गाजलेलं पुस्तक आलं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरून ते सूक्ष्म दगडी हत्यारं गोळा करायचे.

पण शेवट कडू झाला. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे बघा, असं ते उघड सांगायचे, आणि ते भाभांच्या मताच्या अगदी उलट. त्यातच १९५९ मध्ये रीमानच्या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता त्यांनी छापली, तीही शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती चुकीची निघाली आणि गणितज्ञांमध्ये नाव खराब झालं. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. चूक त्यांचीच होती, हे मान्य. तरी आधीचं एवढं काम बाजूला पडावं, हे मला पटत नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच ते गेले. वय ५८.

तुमच्याकडे लॅपटॉप नसेल तरी चालेल. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, रनटाइम बदलून 'आर' करा आणि 'क्यूटीएल' पॅकेज इन्स्टॉल करून लोड करा. मग 'आयएमएफ डॉट के' हे फंक्शनचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, कंस न लावता टाइप करून रन करा. कोसंबींचं सूत्र कोडच्या मोजक्या ओळींत स्क्रीनवर येईल.