स्पेलिंगचे गुरुजी नोहा वेबस्टर

नोहा वेबस्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट येथे झाला. वडील शेतकरी होते. नोहाला वाचायची फार आवड. त्याला येल कॉलेजात घालायचे म्हणून वडिलांनी शेत गहाण टाकले. लग्नाला नाहीतर दवाखान्याला शेत गहाण टाकतात हे मला माहीत होतं, पण शिकायला टाकलेले मी पहिल्यांदाच वाचले. १७७८ साली नोहा पास होऊन घरी आले. वडिलांनी ८ डॉलर हातावर ठेवले आणि आता तुझे तू बघ असे सांगितले.

मग ते शाळेत गुरुजी झाले. तेव्हा पुस्तके इंग्लंडची होती. त्यात शब्दांचे तुकडे वेडेवाकडे पाडलेले. हॅबिट हा शब्द 'हॅ' आणि 'बिट' असा तोडलेला. तसा तोडला की मुले त्याला हेबिट म्हणणार. वेबस्टर यांनी 'हॅब' आणि 'इट' असा तोडला. कानाला जसा ऐकू येतो तसाच शब्द तोडायचा. जुन्या पुस्तकात नेशनचे तीन तुकडे होते, ने-टि-ऑन. असं कोण बोलतं? यांनी दोनच केले.

१७८३ साली त्यांनी स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक छापले. पुढे त्याला निळे कव्हर आले, म्हणून लोक त्याला निळ्या पाठीचे पुस्तक म्हणू लागले. त्यात सुरुवातीला एकेका अक्षराला स्वर जोडलेले, आपल्या बाराखडीगत. मग एका तुकड्याचे शब्द, मग दोन, मग तीन. पहिल्या तुकड्यावर जोर असलेले शब्द एकीकडे, दुसऱ्यावर जोर असलेले दुसरीकडे. मराठीत आपण सगळी अक्षरे जवळजवळ सारखीच म्हणतो, इंग्रजीत तसं चालत नाही. मल्टिप्लिकेशन बघा. मल-टि-प्लि-के-शन, पाच तुकडे आणि जोर 'के'वर. यात एक खूण आहे. शेवटी 'शन' आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. स्टेशन, एज्युकेशन म्हणून बघा.

पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. कलर या शब्दातला यू त्यांनी काढून टाकला. हे मला फार आवडले, पण आपल्या पुस्तकात यू आहे, तो लिहावाच लागतो.

१८२८ साली त्यांचा मोठा शब्दकोश निघाला. त्यात ७०,००० शब्द होते आणि ते स्वतः ७० वर्षांचे होते. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी राहते घर गहाण टाकले. ती १८४१ साली निघाली. २८ मे १८४३ रोजी ते वारले. मग मेरियम नावाच्या भावांनी शब्दकोशाचे हक्क विकत घेतले. तो अजून निघतो, आणि त्यात शब्दांचे तुकडे पाडून जोराची खूण केलेली असते.